लोकमहादेवी

लोकमहादेवी (इ.स. आठवे शतक) : बदामीच्या चालुक्य घराण्यातील दुसरा विक्रमादित्य याची पट्टराणी आणि पट्टदकल येथील विरूपाक्ष मंदिराची निर्माती. तिचे चरित्र सांगणारा कोणताही समकालीन ग्रंथ नाही. जे कळते ते जवळजवळ सर्व कोरीव लेखांतून. तरीही त्या काळातील फार थोड्या राण्यांच्या कर्तृत्वाचा पुरावा इतका ठळक आहे.

तिचे माहेर हैहय म्हणजे कलचुरी कुळातले. या कुळाचे वर्चस्व मध्य भारतात होते आणि विक्रमादित्याचा आजा विनयादित्य याच्या काळापासून ते चालुक्यांच्या अधिसत्तेखाली आले होते. तिची सख्खी धाकटी बहीण त्रैलोक्यमहादेवी हीदेखील विक्रमादित्यालाच दिलेली होती. चालुक्यांचा अखेरचा राजा दुसरा कीर्तिवर्मा हा या धाकटीचा मुलगा, म्हणजे लोकमहादेवीचा भाचा आणि सावत्र मुलगाही.

विक्रमादित्याने सुमारे ७३३ ते ७४५ या काळात राज्य केले. पल्लवांची राजधानी कांची त्याने तीनदा जिंकल्याचे लेख सांगतात. शहर लुटण्याऐवजी तेथील कैलासनाथ मंदिराची संपत्ती त्याने देवाला परत केली, असा कन्नड लेख त्याच मंदिरात आहे. या विजयांच्या स्मरणार्थ लोकमहादेवीने मलप्रभेच्या काठी पट्टदकलला शिवमंदिर उभारले आणि देवाला स्वतःच्या नावावरून लोकेश्वर म्हटले. आज ते विरूपाक्ष मंदिर म्हणून प्रसिद्ध आहे. लगतचे त्रैलोकेश्वर, म्हणजे आताचे मल्लिकार्जुन मंदिर, धाकट्या बहिणीचे. दोन्ही मंदिरांचा आराखडा बराच सारखा असला तरी थोरलीचे मंदिर मोठे आहे.

मंदिराचा सूत्रधार गुंड अनिवारिताचारी याला ‘त्रिभुवनाचारी’ हा किताब मिळाला. सर्वसिद्धि आचारी या दुसऱ्या शिल्पकाराचे नावही लेखात आहे. कारागिरांची नावे अशी मानाने कोरलेली सहसा आढळत नाहीत. विक्रमादित्याचा पिता विजयादित्य याने गायकांना दिलेले हक्क राणीने कायम ठेवले, असेही येथील एका लेखातून कळते. राणीचा अधिकार मंदिर बांधण्यापुरता मर्यादित नव्हता, हे या नोंदीवरून स्पष्ट दिसते.

मंदिरे बांधण्याची परंपरा या घराण्यातील स्त्रियांना नवी नव्हती. विजयादित्याची आई विनयवती हिने ६९९ मध्ये बदामी येथे देवालय उभारले होते, तर विजयादित्याची बहीण कुंकुममहादेवी हिने लक्ष्मेश्वर येथे जैन बसदी बांधली. लोकमहादेवीने तीच परंपरा अधिक भव्य प्रमाणावर पुढे नेली.

कीर्तिवर्म्याच्या काळातील पट्टदकलचा ७५४ सालचा स्तंभलेख दोन्ही बहिणींचा व त्यांच्या मंदिरांचा उल्लेख करतो. त्याच सुमारास राष्ट्रकूट दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता उलथवली. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूटांनीच कोरले आणि त्याच्या रचनेवर लोकमहादेवीच्या मंदिराचा प्रभाव असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. पट्टदकलच्या स्मारकसमूहाला १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांपैकी विरूपाक्ष मंदिरात आजही पूजाअर्चा चालते.