पियानो विचारतो, ट्रम्पेट उत्तर देतो
आर्ट ब्लेकीचा 'मोनिन' हा अल्बम मला ड्रममुळे नाही, पियानोमुळे उलगडला. शीर्षकधून बॉबी टिमन्सची. तो एक ओळ टाकतो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोनच सुरांत उत्तर देतात. चर्चमध्ये प्रवचनाला लोक 'आमेन' म्हणतात, तसं. टिमन्स फिलाडेल्फियाचा, चर्चमध्ये वाजवलेला. तुकडा त्याच्याकडे होताच. बेनी गोल्सननं त्याला मधला भाग रचायला लावला. रेकॉर्डिंग ३० ऑक्टोबर १९५८चं, न्यू जर्सीत, रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात! ट्रम्पेटवाला ली मॉर्गन तेव्हा अवघा वीस वर्षांचा. क्लिष्ट होत चाललेल्या जॅझमध्ये या कृष्णवर्णीय पोरांनी आपल्या चर्चचा सूर हक्कानं परत आणला. मधल्या भागात सवाल-जवाब थांबतो. धून परतली की माझी मान डोलतेच.