पत्ता सरकारने द्यावा, पाकीट मात्र बंद राहावे

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज बाद झाला. त्रुटी दुरुस्त करा, अशी सूचना ई-मेलवर आली होती. पण अर्जातला ई-मेल मुलीचा नव्हता, फॉर्म भरून देणाऱ्या दुकानदाराचा होता. तिची अम्मी म्हणाली, "सर, हमारे पास ई-मेल कहाँ से आएगा?"

हा प्रश्न मला टपालाच्या इतिहासाकडे घेऊन गेला. १ ऑक्टोबर १८५४ पासून कंपनी सरकारच्या मुलखात पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, असा एकच दर लागू झाला. त्याआधी अंतराप्रमाणे पैसे मोजावे लागत. १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड आले. इंग्रजांनी हे रयतेवरच्या प्रेमापोटी केले नाही. त्यांना कारभार आणि व्यापार चालवायचा होता. तरीही मुंबईचा गिरणी कामगार त्यामुळे गावी खुशाली कळवू शकला. टपाल मिळवण्यासाठी त्याला कुठल्या कंपनीत खाते उघडावे लागले नाही.

आज सरकार अर्जात ई-मेल मागते. तो मिळवायचा मात्र खासगी कंपनीकडून. डेन्मार्कने १ नोव्हेंबर २०१४ पासून १५ वर्षांवरील नागरिकांना सरकारी पत्रांसाठी डिजिटल टपालपेटी बंधनकारक केली. ज्यांना ती वापरणे शक्य नाही, त्यांना सूटही ठेवली. सरकारला पत्र धाडायचे असेल, तर पेटीची सोयही त्यानेच करावी, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

"मग सरकार आपली पत्रे वाचेल," असे कुणी म्हणेल. ही भीती निराधार नाही. १८९८ च्या टपाल कायद्याच्या कलम २६ ने सरकारला पत्रे अडवण्याची मुभा दिली होती. १९८६ मध्ये संसदेने हे अधिकार वाढवणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

म्हणून मागणी दुहेरी हवी : प्रत्येकाला पत्ता द्या, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडू नका.

यंदा त्या मुलीचे ई-मेल खाते मीच उघडून दिले. पण मास्तरांच्या मेहेरबानीने जे मिळते, त्याला हक्क म्हणत नाहीत.