नाणेघाटांतील विजयस्मारक

इ. स. २०२२ च्या डिसेंबरांत अर्जेंटिनानें फुटबॉलचा विश्वचषक जिंकला, तेव्हां ब्वेनोस आयरेस नगराच्या भिंतींवर विजयी खेळाडूंचीं मोठमोठीं चित्रें रंगविलीं गेलीं. येणाऱ्या-जाणाऱ्यानें तीं पाहावीं व राष्ट्राचा विजय विसरूं नये, हा त्यांतील हेतु. ही हौस आधुनिक वाटते खरी. परंतु तिच्या जातीचें एक अतिप्राचीन उदाहरण जुन्नरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यावर, नाणेघाटांत आजही उभें आहे.

कल्याण, सोपारा या बंदरांचा माल या घाटानें जुन्नरास चढत असे. चढणीनें थकलेले वाटसरू जेथें घटकाभर विसावत, तेथेंच सातवाहनांनीं लेणें खोदविलें. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या नांवाशीं निगडित असा प्रदीर्घ लेख तेथील भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत कोरण्यांत आला. दोन अश्वमेध व एक राजसूय केल्याचें त्यांत नमूद आहे. अश्वमेध म्हणजे दिग्विजयाची जाहीर द्वाहीच होय. पुढें दक्षिणांची यादी येते: कोठें १,७०० गाई, कोठें ११,००० गाई व १,००० घोडे, कोठें २४,४०० कार्षापण. हे आंकडे भारतीय अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत गणले जातात. ते अंक आहेत हें प्रथम ओळखण्याचा मान पंडित भगवानलाल इंद्रजी यांजकडे जातो.

मागील भिंतीवर राजकुलाच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, सातकर्णी व नागनिका, राजकुमार आणि महारठी त्रणकयिर अशीं नांवें प्रत्येक मूर्तीच्या वर कोरलेलीं होतीं. राजाच्या शेजारीं राणीचेंही नांव रहदारीच्या वाटेवर झळकावें, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें लक्षांत घेण्याजोगी आहे.

त्या मूर्ती आज नाहींत. कांहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नांवें मात्र शिल्लक राहिलीं. पण तींही वाचणारा कोणी उरला नव्हता. इ. स. १८२८ मध्यें कर्नल साइक्स यांच्या दृष्टीस हें लेणें पडलें आणि पुढें डॉ. ब्यूलर प्रभृति पंडितांनीं लेखाचा अर्थ लावला, तेव्हां शतकानुशतकें मुकी झालेली ती भिंत पुन्हां बोलूं लागली.

यांतून एक बोध घेण्यासारखा आहे. दगडांत कोरलेल्या सम्राटांची जर ही अवस्था, तर रंगाच्या चित्रांचें आयुष्य तें किती? स्मारक उभारणें विजेत्याच्या हातीं असतें. तें राखणें व वाचणें मागाहून येणाऱ्यांच्या हातीं. जुन्या लेण्यांच्या भिंतींवर स्वतःचें नांव ओरखडणारा प्रवासी कोणाचें तरी दोन हजार वर्षांचें नांव पुसत असतो, एवढें जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिंडणाऱ्या तरुणांनीं ध्यानीं धरिलें, तरी नागनिकेचा लेख आणखी कांहीं पिढ्यांस वाचावयास मिळेल.