पेटी आणि धोपटी

वडिलांच्या हत्यारांच्या पेटीवरचा रंग मी गेल्या पावसाळ्यात खरवडायला घेतला. वरच्या राखाडी थरावर दक्षिण मध्य रेल्वेची अक्षरं होती, म्हणजे १९६६ नंतरची. ती निघाली तशी खालून दुसरी राखाडी आली आणि तिच्यावर दक्षिण रेल्वे, १९५१ नंतरची. अगदी तळाला, सागवानाच्या रेषांत मुरलेली, पांढुरकी ‘एम अँड एस एम’. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. मालक दोनदा बदलला, प्रत्येक वेळी नवा रंग बसला, पण तिन्ही थरांत वडिलांचा तिकीट नंबर तोच होता. हुबळीच्या वर्कशॉपात माणूस नावानं नाही, नंबरानं ओळखला जायचा.

खरवडायचं निमित्त माझी नात. ती घरोघरी जाऊन जुनं फर्निचर दुरुस्त करते. खुर्चीची वेताची बैठक, कपाटाची बिजागरी, पलंगाचा डुगडुगणारा पाय. हुबळी ते धारवाड वीसेक किलोमीटर, चिगरी बसनं जाते-येते. विकतच्या प्लॅस्टिकच्या पेटीची मूठ दुसऱ्यांदा तुटली तेव्हा म्हणाली, “अज्जा, तू मला एक पेटी करून दे. पण तुमच्या वर्कशॉपातल्यासारखी नको. उचलता आली पाहिजे.” चाळीस वर्षं डब्यांचं सुतारकाम केलेल्या माणसाला हे लागायला हवं होतं. लागलं नाही, कारण खरं होतं. वडिलांची पेटी कधी उचलण्यासाठी केलेलीच नव्हती.

मग विचार करत बसलो की उचलण्यासाठी केलेलं काय होतं. आठवली ती धोपटी.

आमच्या गल्लीत रविवारी हजामतीला एक काका यायचे. पिंपळाच्या पारावर बसायचे आणि काखेतली धोपटी मांडीवर उलगडायचे. कुणी तिला धोकटी म्हणतं. चामड्याची, तेलाच्या हातांनी काळी-तुकतुकीत झालेली. वस्तऱ्याला एक कप्पा, कातरीला एक, नराणीला एक, चमोटा वेगळा, आरसा सगळ्यांत आत. काम झालं की गुंडाळायची, चामड्याच्या वादीनं बांधायची, की हातभर लांबीचं एक दुकान काखेत मावलं. कुलूप नाही, कडी नाही. आम्ही पोरं तिला हात लावायला जायचो तेव्हा ते ओरडत नसत, नुसते बघत. त्यानंच हात मागे यायचा.

फिरत्या कारागिराचं सामान असंच असायचं. त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गाव-गाडा’ १९१५ सालचं. त्यात बलुतेदारांचा सगळा पसारा आहे. आमच्याकडे कानडीत त्यांना आयगार म्हणतात, हिशेब साधारण तोच: वर्षभर शेतकऱ्याचं काम करायचं आणि खळ्यावर धान्य घ्यायचं. माझे पणजोबा कुंदगोळच्या बाजूच्या एका खेड्यात असे सुतार होते. नांगर, कुळव, बैलगाडीचा आस, दाराची चौकट. घरात सांगायचे ते असं: वाकस खांद्यावर, करवत हातात, पटाश्या आणि गिरमिट गोणपाटाच्या पिशवीत. पेटी नव्हतीच. ज्याचं काम त्याच्या अंगणात बसून करायचं. पटाशी कुणी चोरायची म्हटली तरी गावात ती लपवणार कुठे? प्रत्येक मूठ सगळ्यांना ओळखीची.

पेटी आली ती रेल्वेबरोबर. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ ची, मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर. कंपनीची कचेरी धारवाडला होती आणि कारखाना हुबळीला, गदग रोडवर, १८८५ पासून. धारवाडनं शाई सांडायची आणि हुबळीनं घाम, ही विभागणी तेव्हापासूनची; धारवाडचे लोक अजून तशीच धरून चालतात. १९०८ मध्ये कंपनी मद्रास रेल्वेत मिळाली, कचेरी मद्रासला गेली आणि धारवाडची ती दगडी इमारत मोकळी पडली. १९१७ मध्ये सुरू झालेलं कर्नाटक कॉलेज तिथं भरू लागलं. पुढे तिथं शिकलेल्या किती जणांना ठाऊक असेल की आपण रेल्वेच्या हिशेबनीसांच्या खोलीत बसून कविता वाचतो आहोत!

कारखाना मात्र कुठे गेला नाही. खेड्यातले सुतार, लोहार तिथं आले. आमचे आजोबाही त्यात. आणि तिथं एक उलटी गोष्ट झाली, जी मला ती पेटी खरवडताना पहिल्यांदा नीट दिसली. गावातल्या सुताराची हत्यारं त्याची स्वतःची, आणि त्यांना कुलूप नव्हतं. कारखान्यात हत्यारं कंपनीची. टूलरूमच्या खिडकीशी जायचं, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा. तो खिळ्यावर लटकवून आतून मोठं गिरमिट किंवा स्क्रू-कट्टर मिळायचं. संध्याकाळी हत्यार परत, बिल्ला परत. रोजची हत्यारं नावावर लिहून दिलेली, हरवली तर जाब द्यायचा. म्हणून पेटी, म्हणून कडी-कोयंडा, म्हणून कुलूप. हत्यार परक्याचं झालं त्या दिवसापासून त्याला कुलूप लागलं.

हुबळी स्टेशनवर पेटीचं आणखी एक घराणं होतं: गार्डांच्या लाइन बॉक्सचं. काळ्या रंगाच्या, पांढऱ्या अक्षरांच्या त्या पेट्या फलाटावर उतरंडीसारख्या रचलेल्या असायच्या. आत लाल-हिरवे झेंडे, हातकंदील, रुळावर लावायचे फटाके, नियमांचं पुस्तक. उचलणारा गार्ड नव्हे, त्यासाठी वेगळा माणूस. आता गार्डांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं असं २०२२ मध्ये ठरलं, आणि पेट्यांच्या जागी चाकांच्या बॅगा येत चालल्या आहेत. जगातला सगळ्यांत लांब फलाट, दीड किलोमीटरचा, आमच्या हुबळीत. पेटी ओढत त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्याला चाकं हवीतच.

असो. मी पहिला नमुना केला तो वडिलांच्या पेटीची धाकटी बहीण. सोळा इंच लांब, आठ रुंद, नऊ उंच, अर्ध्या इंची साग. लाकूड भंगार बाजारातलं, जुन्या मीटर गेज डब्याच्या खिडक्यांचं. १९९० च्या दशकात इथले मार्ग ब्रॉड गेज झाले तेव्हा असे डबे मोडीत निघाले आणि पुढे कितीतरी वर्षं हुबळीत देव्हारे, पाट, पोळपाट त्या सागवानाचे होत होते. तो साग ब्रह्मदेशाचा की दांडेलीचा, हे रंधा मारताना वासावरून ओळखता येतं असं वडील म्हणत. मला कधी जमलं नाही. कोपऱ्यांना डव्हटेल सांधे, अभिमानानं कापलेले. नातीनं रिकामी पेटी काट्यावर ठेवली: सव्वातीन किलो. हत्यारं घातली की नऊ. “सांधे छान आहेत,” म्हणाली, आणि पेटी परत माझ्या हातात दिली.

दुसऱ्या नमुन्यात दोन्ही टोकाच्या फळ्या आणि तळ सागवानाचा ठेवला, आणि लांब बाजू व झाकण चामड्याचं. धारवाडला चप्पल करणारे एक अण्णा आहेत, त्यांच्याकडून बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं कातडं आणलं, चार मिलिमीटर जाडीचं. घरी येऊन बारीक लोखंडी स्क्रूंनी फळीवर आवळून बसवलं. वजन सव्वादोन किलो. मी खूश.

ते ऑगस्टमध्ये. धारवाडचा ऑगस्ट ज्यानं पाहिला आहे त्याला पुढचं सांगायला नको. आठ दिवसांत प्रत्येक स्क्रूभोवती निळसर-काळा डाग उठला, जसा दौतीतून शिंतोडा उडावा. पेटी घेऊन अण्णांकडे गेलो. ते हसले आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही शाई केली की.” खरंच होतं. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई करत. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. कमावलेल्या कातड्यात हिरडा-बाभळीचा तुरटपणा असतोच, ओलं लोखंड मिळालं की झाली शाई. खरी कोल्हापुरी खिळ्याशिवाय, चामड्याच्याच वादीनं शिवतात, ती उगीच नव्हे. अण्णांनी याला कारण असं काही दिलं नाही. “आमच्यात तसंच शिवतात,” एवढंच. मला वाटतं कारण विसरलं गेलं आणि रीत राहिली. हातांचं शहाणपण बहुतेक असंच टिकतं.

कोल्हापुरी चप्पल म्हटलं की लोक पंचगंगेकडे बघतात. पण तिचं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे: चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले, बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि आमचं धारवाड. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानला तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा कोल्हापुरात गदारोळ झाला. अण्णा त्यावर फक्त म्हणाले की त्यांच्या तळव्याला आपल्याइतके थर नव्हते.

त्यांच्या ओट्यावर बसलो होतो तेव्हा एक गोष्ट मनात आली, ती लिहून टाकतो. चामडं आणि लाकूड एका वस्तूत येणं जुनंच आहे. लोहाराचा भाता, विहिरीवरची मोट आणि तिचं चाक, मृदंग, तबला. पण ते दोन वेगळ्या हातांचं काम, आणि ते दोन हात एका ओट्यावर बसत नसत. माझ्या पणजोबांनी मोटेचं चाक केलं असेल, मोटेला हात लावला नसेल. याच मुलखात बाराव्या शतकात हरळय्या झाला, चांभार आणि शरण. त्यानं आणि त्याच्या बायकोनं आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे करून बसवण्णांना दिले अशी कथा आहे. कथा घरोघरी माहीत, ओटे तरी वेगळेच. कारखान्यात कुणाला कुणाशेजारी उभं राहायचं हे फोरमन ठरवी, आणि निदान आठ तास तो प्रश्न सुटे. पाचचा भोंगा झाला की काही जण पाण्याचा तांब्या वेगळा उचलत, हेही मी पाहिलं आहे. अण्णांच्या घरी चहा मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा प्यालो. इतक्या उशिरा का, याला माझ्याकडे शहाणं उत्तर नाही.

तिसरा नमुना आम्ही दोघांनी केला. लोखंड पूर्ण बाद. तांब्याचे रिबीट, खाली तांब्याची चकती. शिलाई वादीची. आरीनं भोकं पाडताना अण्णा मोजत नाहीत, अंगठ्याच्या पेरानं अंतर घेतात. मी गुण्या लावून तपासलं, चूक निघाली ती माझ्या फळीत. दुसरी अडचण अशी की दमट हवेत कातडं सैल पडतं आणि पेटी पोट सुटल्यासारखी फुगते. त्यासाठी वरच्या काठाला आतून सागाची बारीक पट्टी घातली, दोन्ही टोकांना कुसू काढून फळ्यांच्या भोकांत बसवली. लाकडानं चौकट धरायची, चामड्यानं वजन वाचवायचं.

झाकणाची बिजागरी कशाची करावी हे दोन आठवडे अडलं. पितळी बिजागरी चामड्यावर ओढ देते. शेवटी उत्तर दुसऱ्याच पेटीनं दिलं. धारवाडात नुसतं पेटी म्हटलं तर लोक हार्मोनियम समजतात, आणि ज्या मुलखात सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर झाले तिथं ते बरोबरच आहे. ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे पेटी उघडून पाहिली: भात्याच्या घड्यांच्या सांध्यावर पातळ, मऊ चामड्याची पट्टी, वर्षानुवर्षं उघडझाप करूनही न चिरलेली. युक्ती एवढीच की सांध्यावर कातडं तासून अर्धं पातळ केलेलं असतं. अण्णांनी रापीनं तसंच तासलं. झाकण आता आवाज न करता उलटतं.

आत कप्पे करायचे मी ठरवलं होतं, फळ्यांचे. नातीनं नको म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, “लोकांच्या घरात मी पेटी दारात ठेवते, आत फक्त लागेल तेवढंच नेते.” तेव्हा अण्णांनी उरलेल्या कातड्याची एक लांब पट्टी कापली, कप्पे शिवले: पटाशी, गुण्या, कानस, स्क्रू-ड्रायव्हर, छोटी मोगरी. गुंडाळून वादीनं बांधली आणि पेटीत ठेवली. मला रविवारचे काका आठवले. त्यांच्या धोपटीत आणि हिच्यात फरक फक्त वस्तऱ्याच्या जागी पटाशीचा.

पेटीला कडी-कोयंडा मी बसवला होता, पितळी, वडिलांच्या पेटीवरचा काढून. नात घेऊन गेली आणि दुसऱ्या आठवड्यात परत आली. कडी तिनं स्वतःच काढली होती. बसमध्ये शेजारच्या बाईच्या साडीत अडकली म्हणाली. टोकाच्या फळीत दोन भोकं उरली होती. कलघटगीला पाळणे रंगवणाऱ्यांकडून आणलेली लाल लाखेची एक कांडी माझ्याजवळ होती, ती तापवून भोकं बुजवली.