पूल की डोंगर? नाण्यांवरील कमानींचे वाचन #थ्रेड
रोमन सम्राट ट्राजनच्या एका मोठ्या पितळी नाण्यावर एकाच कमानीचा पूल आहे. दोन्ही टोकांना द्वारे, खाली एक नाव. डॅन्यूब नदीवर अपोलोडोरसने इ.स. १०३ ते १०५ मध्ये उभारलेला पूल तो हाच, असे अनेक अभ्यासक मानत आले. पण त्या पुलाला वीस खांब होते, असे इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. म्हणून काहींनी नाण्यावरचा पूल रोममधील टायबर नदीवरचा ठरवला. हा आक्षेप फारसा पटणारा नाही. जेमतेम सव्वातीन सेंटिमीटरच्या नाण्यात वीस खांब मावणार कसे? तिथे एक कमान साऱ्या पुलाची खूण होऊ शकते.

हीच कसोटी दख्खनमध्ये लावून पाहावी. तेर, पैठण परिसरात सापडणाऱ्या सातवाहन नाण्यांपैकी काहींवर खाली दोन आणि वर एक अशा कमानी दिसतात. त्यांच्याखाली नागमोडी रेघ. प्रथमदर्शनी नदीवरचा पूलच! रेघ बहुधा नदीची आहे, पण पूल नाही. वरून जाणारी सपाट वाटच कुठे नाही.

जुन्या अभ्यासकांनी या चिन्हाला स्तूप समजून ‘चैत्य’ म्हटले. ते नाव सूच्यांमध्ये अजून चिकटून आहे. परंतु सातवाहनांच्या कितीतरी आधीच्या आहत नाण्यांवरही हे चिन्ह आहे, अनेकदा माथ्यावर चंद्रकोर घेऊन. त्यामुळे ‘पर्वत’ हा अर्थ अधिक सयुक्तिक ठरतो.

प्रश्न केवळ नावाचा नाही. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. सारी क्षहरात राजा नहपानाची. पैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या मुखवट्यावर उमटले ते हेच कमानींचे चिन्ह. ते चैत्य मानले, तर विजेत्याने धर्मचिन्ह उमटवले असे म्हणावे लागते. पर्वत मानले, तर ती भूमीवरील स्वामित्वाची घोषणा होते. गौतमीपुत्राची माता बलश्री हिच्या नाशिक लेण्यातील लेखात त्याला सह्य, विंध्य आदी पर्वतांचा स्वामी म्हटले आहे. क्षहरातांच्या निर्दालनाचा उल्लेखही तिथेच आहे. लेख आणि ठसा एकच गोष्ट सांगतात.

पुढे चष्टनाच्या क्षत्रप घराण्याने हेच पर्वतचिन्ह नदीच्या रेघेसह आपल्या चांदीच्या नाण्यांवर घेतले आणि चौथ्या शतकापर्यंत चालवले.