धाब्याच्या घराची काटकसर

थोड्या पैशांत लहान घर सोयीचे कसे करावे, हा प्रश्न आजचा नव्हे. वरणगावच्या परिसरातील जुन्या धाब्याच्या घरांनी त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. खोली लहान, तीत कपाट ठेवावे, तर माणसांनी बसावे कोठे? म्हणून मातीच्या जाड भिंतीतच कोनाडे व फडताळे काढीत. वर तुळया, त्यांवर काटक्या आणि काटक्यांवर माती. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती पसरली की गळतीस आळा बसे. आणि पारा ४५ अंशांवर चढणाऱ्या खानदेशी उन्हाळ्यात रात्री तेच धाबे निजण्याची जागा होई.

पुढे सिमेंटचा स्लॅब आला. दरसालची डागडुजी चुकली. परंतु दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत ऊब सोडू लागला, आणि भिंती पातळ झाल्याने कपाट पुन्हा खोलीत शिरले.

तथापि जुन्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. भिंती लिंपणे, जमीन सारवणे हे काम बहुधा घरच्या स्त्रियांचेच असे. त्या श्रमांचे मोल कोणी धरले नाही, म्हणूनच ते घर स्वस्त ठरले. आजच्या गृहस्थाने जुन्यांची युक्ती अवश्य घ्यावी. हिशेब मात्र पुरा मांडावा.