शाळा मंडळांच्या निवडणुका, इंग्लंडमधील

प्राथमिक शाळा चालविण्यासाठी करदात्यांनी प्रत्यक्ष मतदानाने निवडलेल्या स्थानिक मंडळांच्या निवडणुका. १८७० ते १९०२ या काळात (लंडनमध्ये १९०४ पर्यंत) त्या दर तीन वर्षांनी होत. शिक्षणाच्या इतिहासात या मंडळांचे स्थान सर्वमान्य आहे. परंतु उमेदवार कोणी व्हावे आणि निवडून कोणी यावे, यासंबंधी त्यांनी घालून दिलेला पायंडा इंग्लंडच्या राजकीय इतिहासातही तितकाच महत्त्वाचा ठरतो. संसदेचे दार ज्यांना बंद होते, अशा व्यक्तींना लोकमताचा कौल मागण्याची पहिली मोठी संधी येथे मिळाली.

विल्यम एडवर्ड फॉर्स्टर (१८१८–८६) याने मांडलेला प्राथमिक शिक्षणाचा कायदा १८७० मध्ये संमत झाला. तोपर्यंत गरिबांच्या शाळा मुख्यतः चर्चशी संबंधित संस्था चालवीत व त्यांना सरकारी अनुदान मिळे. जेथे अशा शाळा अपुऱ्या पडत, तेथे स्थानिक कराच्या उत्पन्नातून नव्या शाळा उभारणारे मंडळ निवडावे, अशी तरतूद या कायद्याने केली. इतरत्र मंडळाचे सभासद ५ ते १५ असत. लंडनसाठी शहराचे दहा विभाग पाडण्यात आले व त्यांतून ४९ सभासद निवडावयाचे ठरले. सर्वांत मोठ्या मॅरिलबोन विभागाला सात जागा मिळाल्या.

कायद्यातील दोन गोष्टींनी या निवडणुकांना त्यांचे वेगळे रूप दिले. पहिली, उमेदवारासाठी मालमत्तेची अट नव्हती आणि स्त्रियांनाही मज्जाव नव्हता. स्वतःच्या नावे कर भरणाऱ्या स्त्रीला मतही देता येई. विवाहित स्त्रीच्या घराचा कर सामान्यतः पतीच्या नावे असल्याने ती मतदार होऊ शकत नसे. मात्र उमेदवार होऊ शकत असे, ही त्यातील एक विसंगती.

दुसरी गोष्ट संचयी मतदानाची. विभागात जितक्या जागा, तितकी मते प्रत्येक मतदाराला असत आणि ती सर्व एकाच उमेदवाराच्या पदरात टाकण्याची त्याला मुभा असे. धार्मिक अल्पसंख्याकांना प्रतिनिधित्व मिळावे, हा त्यामागील हेतू. मतदारांचा लहानसा पण निष्ठावंत गट पाठीशी असला, तरी उमेदवाराला निवडून येणे त्यामुळे शक्य झाले. उलटपक्षी संख्याबळावर विसंबणाऱ्यांची फसगत होई. बर्मिंगहॅममध्ये १८७० साली उदारमतवादी गटाने सर्वच्या सर्व १५ जागांसाठी उमेदवार उभे केले. त्यांची मते १५ जणांत विखुरली आणि केवळ सहाजण निवडून आले. रोमन कॅथलिकांनी मात्र आपली मते एकाच उमेदवारावर एकवटून त्याला सर्वांच्या पुढे नेले. या धड्यानंतर १८७३ मध्ये गटाने मोजकेच उमेदवार देऊन बहुमत मिळविले व जोझेफ चेंबरलिन (१८३६–१९१४) मंडळाचा अध्यक्ष झाला. किती उमेदवार उभे करावयाचे व कोणत्या वस्तीतील मते कोणाला द्यावयाची, हे आधी ठरविणारी शिस्तबद्ध पक्षयंत्रणा बर्मिंगहॅममध्ये पुढे प्रसिद्धीस आली, तिला या अनुभवाचाही हातभार लागला असे मानावयास हरकत नाही.

लंडनची पहिली निवडणूक २९ नोव्हेंबर १८७० रोजी झाली. मॅरिलबोनमध्ये एलिझाबेथ गॅरेट (१८३६–१९१७) ही उभी राहिली. इंग्लंडमध्ये वैद्यकीचा परवाना मिळविणाऱ्या आद्य स्त्रियांपैकी ती एक होती व १८६६ पासून त्याच भागात गरीब स्त्रियांसाठी दवाखाना चालवीत होती. दवाखान्यात येणाऱ्या स्त्रियांच्या पतींनी, म्हणजे तेथील कामगारांनी, तिला उभे राहण्याचा आग्रह केला. भर सभेत स्त्रीने भाषण करणे त्या काळी प्रतिष्ठेस सोडून मानले जाई. उमेदवाराला मात्र ते टाळता येण्याजोगे नव्हते. तिच्या निवडणूक समितीचा प्रमुख जेम्स स्केल्टन अँडरसन याच्याशी पुढील वर्षी तिचा विवाह झाला. मतमोजणीत तिला ४७,८५८ मते पडली. दुसऱ्या क्रमांकावरील प्रख्यात जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्सली (१८२५–९५) याला १३,४९४.

या आकड्याचा उल्लेख पुष्कळदा होतो, पण तो जपून वाचावयास हवा. प्रत्येक मतदाराला सात मते असल्याने एवढी मते सुमारे ६,८४० मतदारही देऊ शकले असते. प्रत्यक्ष मतदार त्याहून किती अधिक होते, हे आकड्यावरून कळत नाही. तरीही तिच्यावर सारी मते ओतण्यास तयार असलेला मोठा वर्ग होता, एवढे त्यातून निःसंशय दिसते. याच निवडणुकीत ग्रिनिचमधून स्त्रीशिक्षणाची पुरस्कर्ती एमिली डेव्हिस (१८३०–१९२१) निवडून आली. मँचेस्टरमध्ये स्त्रीमताधिकाराची पुरस्कर्ती लिडिया बेकर (१८२७–९०) यशस्वी झाली. फिन्सबरीतून बेंजामिन लुक्राफ्ट हा सुतारकाम करणारा कामगार निवडला गेला, मात्र पहिल्या मंडळात कामगारवर्गातील तो एकटाच. यात नवल नाही. सभासदाला वेतन नसे आणि बैठका कामाच्या दिवशी भरत. रोजंदारी बुडवून तेथे बसणे किती जणांना परवडणार होते? पहिला अध्यक्ष लॉर्ड लॉरेन्स (१८११–७९) हा १८६४ ते १८६९ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता.

प्रचारात वाद होत ते प्रामुख्याने दोन : शाळेत धर्म कितपत शिकवावा आणि करदात्याच्या खिशाला किती झळ लागावी. कायद्याने मंडळाच्या शाळांत कोणत्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकविण्यास बंदी होती. लंडन मंडळाने १८७१ मध्ये पंथनिरपेक्ष बायबलवाचनाची तडजोड स्वीकारली. हक्सलीसारख्या अज्ञेयवाद्यानेही तिला मान्यता दिली, हे विशेष. पुढे तीच तडजोड मोडण्याचा प्रयत्न झाला व १८९४ ची निवडणूक त्यावरूनच अटीतटीने लढविली गेली.

साउथवर्कमधून १८७६ मध्ये हेलन टेलर (१८३१–१९०७) निवडून आली. भारतीय वाचकांना अधिक परिचित नाव म्हणजे ॲनी बेझंट (१८४७–१९३३). काडेपेटीच्या कारखान्यातील मुलींच्या संपानंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर १८८८ मध्ये, टॉवर हॅम्लेट्स या दरिद्री विभागातून त्या विजयी झाल्या. मोफत व निधर्मी शिक्षण आणि उपाशी मुलांना शाळेत जेवण, या त्यांच्या मागण्या होत्या. मंडळाची कामे घेणाऱ्या ठेकेदारांनी कामगारांना रास्त वेतन द्यावे, असा निर्णय मंडळाने १८८९ मध्ये घेतला, त्यामागेही त्यांची खटपट होती. प्राथमिक शाळांतील फी बहुतांशी रद्द होण्यास १८९१ साल उजाडावे लागले.

लंडन मंडळाच्या चौतीस वर्षांच्या कारकीर्दीत एकूण २९ स्त्रिया सभासद झाल्या. मंडळाच्या शाळांतून अखेरीस ५ लाखांहून अधिक मुलांची सोय झाली होती. १९०२ च्या शिक्षण कायद्याने शाळा मंडळे बरखास्त करून त्यांचे काम कौंटी व बरो कौन्सिलांकडे सोपविले. लंडनचे मंडळ १९०३ च्या स्वतंत्र कायद्यान्वये १९०४ मध्ये संपुष्टात आले. प्रशासनाच्या दृष्टीने हा बदल सोयीचा ठरला. परंतु या कौन्सिलांवर स्त्रियांना निवडून येता येत नव्हते : १८८९ मध्ये लंडन कौंटी कौन्सिलवर निवडून आलेल्या लेडी सँडहर्स्ट यांची निवड न्यायालयाने रद्द ठरविली होती. त्यामुळे मतदारांसमोर उभे राहण्याचा बत्तीस वर्षे उपभोगलेला अधिकार शिक्षणाच्या क्षेत्रात स्त्रियांनी एकाएकी गमावला. शिक्षण समित्यांवर स्त्रियांना नेमून घेण्याची तरतूद झाली खरी. पण नेमणूक ही निवडणूक नव्हे, अशी तक्रार तेव्हाच करण्यात आली. कौन्सिलांवर निवडून येण्याचा अधिकार त्यांना १९०७ मध्ये मिळाला.

मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने ‘स्कूल बोर्ड’ हे नाव रूढ केले, तथापि त्यांची घडण निराळी होती. बोर्डाचे सभासद सामान्य मतदार नव्हे, तर जिल्हा लोकल बोर्डाचे किंवा नगरपालिकेचे सभासद निवडीत. १९४७ च्या कायद्यानेही ही अप्रत्यक्ष पद्धत मुख्यतः कायम ठेवली. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर जिल्हा शाळा मंडळांचे काम त्यांच्याकडे गेले.